पाण्यापर्यंत गेलेली तार : मराठवाड्यातील उद्याने, विहिरी आणि वीज

बागेतल्या तळ्यापर्यंत वीज कशी पोचली, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा, फार तर वायरमनचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, असे कुणीही विचारील. आमचे म्हणणे असे, की पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी कसे जाते, ते कोण नेते आणि त्यासाठी कोणाचे अंग झिजते, याचा विचार मराठी भाषा सातशे वर्षे करीत आली आहे. वीज आल्यावर मात्र हा विचार थबकल्यासारखा दिसतो. मोटेने आपल्याला गाणी दिली, शब्द दिले, प्रतिमा दिल्या. मोटारीने पिके दिली, ऊस दिला, रंगीत कारंजीही दिली. पण भाषेच्या खात्यावर तिचे जमा फारसे दिसत नाही. ही तूट का पडली आणि तिची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासाठी आपल्याला मराठवाड्यातल्या काही उद्यानांपासून निघून विहिरीच्या काठापर्यंत जावे लागेल.

उताराचे राज्य

ज्ञानेश्वरी १२९० मधली. तिच्या बाराव्या अध्यायात भक्ताने कसे असावे हे सांगताना ज्ञानेश्वर माळी आणि पाणी यांचा दृष्टान्त देतात. माळी जिकडे नेईल तिकडे पाणी निमूट जाते. माणसाच्या कर्माने तसे व्हावे. हा दृष्टान्त आपण अध्यात्माच्या अंगाने नेहमीच शिकवतो. परंतु त्यामागचे तंत्र फारसे कोणी पाहत नाही. पाणी निमूट जाते ते माळ्याच्या हुकमतीमुळे नव्हे, उतारामुळे. माळ्याचे कौशल्य एवढेच, की त्याला जमिनीचा कल ठाऊक असतो आणि त्या कलाला तो खोऱ्याच्या दोन फटकाऱ्यांनी वाट करून देतो. पाणी, जमीन आणि माणूस या तिघांचे संगनमत तेथे उघड्या डोळ्यांना दिसते. प्रतिमा होण्यासाठी लागणारी पहिली अट हीच आहे : घडणारी गोष्ट दिसली पाहिजे.

मराठवाड्यातील जुन्या जलरचना याच उताराच्या राज्यातल्या. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा डोंगराकडचे भूजल नहरींतून शहरात आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. तिची नहरही डोंगरातून येते. मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढते आणि तेथून पडून चक्कीच्या पात्यांना फिरवते. पाणी 'चढते' हे पाहून लोक आजही चकित होतात; परंतु त्यात जादू नाही. उगम जितका उंच, तितक्या उंचीपर्यंत बंद नळातले पाणी आपल्या बळावर जाऊ पाहते. वाटेतल्या घर्षणाने थोडी उंची खर्ची पडते, एवढेच. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो, या एका हिशेबावर मोगलांच्या साऱ्या चारबागा फुलल्या. १६६०च्या सुमारास पूर्ण झालेल्या बीबी का मकबऱ्यातील कारंज्यांमागेही हाच हिशेब होता.

दाब नसेल तेथे काय होते याचे उदाहरण पाहायचे तर फ्रान्समध्ये जावे लागते. व्हर्सायच्या बागा मोठ्या हौसेने उभ्या राहिल्या, पण जवळपास उंचीवर पाणी नव्हते. सीन नदीचे पाणी वर चढवण्यासाठी मार्ली येथे चौदा प्रचंड चाकांचे यंत्र १६८४ मध्ये सुरू झाले. तरीही पाणी पुरेना. तेव्हा राजा ज्या वाटेने येई त्या वाटेवरची कारंजी तेवढी सुरू करायची आणि तो पुढे गेला की बंद करायची, अशी शक्कल निघाली. बागेतले सेवक शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा देत. कारंजे हे सत्तेचे प्रदर्शन कसे असते आणि त्या प्रदर्शनाआड किती माणसे लपून उभी असतात, हे यातून कळते. पुढच्या काळात ही माणसे अधिकच दिसेनाशी झाली.

खांदा आणि बैल

उतार नसेल तेथे पाणी उचलावे लागते. पैठणला गोदावरी खाली वाहते आणि गाव वर आहे. एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष कृष्ण बारा वर्षे कावडीने पाणी भरीत होता, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते आणि नाथषष्ठीला रांजण भरण्याची परंपरा पैठणमध्ये आजही पाळली जाते. कथेचा भक्तिपर अर्थ सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. पाणी वर नेण्याचे श्रम इतके खरे आणि इतके रोजचे होते, की देवाने सेवा करायची तर हीच करावी, असे लोकमनाला वाटले. पाणी उचलणाऱ्या खांद्याला आपल्या परंपरेने देवाचा खांदा मानले.

विहिरीवर हे काम बैलांनी केले. मोट म्हणजे कातड्याची पिशवी, तिला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर, वर चाक, बैलांना उतरायला धाव, मोट रिकामी व्हायला थारोळे, तेथून पुढे पाट, पाटातून दांड, दांडातून वाफा. एकाने मोट हाकायची, दुसऱ्याने दारे धरायचे. प्रत्येक भागाला नाव होते, कारण प्रत्येक भागावर कोणाचा तरी हात होता. या कामाची लय संथ होती, म्हणूनच तीत गाणे बसले. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत मोट येते ती सजावट म्हणून येत नाही; हाकणारा, पिणारे पीक आणि पाणी यांची साखळी डोळ्यांपुढे चालू असते म्हणून ती कवितेत येते.

मोट आणि मोटार यांच्यामध्ये तेलावरच्या इंजिनाचा एक टप्पा येऊन गेला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून नांगरापाठोपाठ पाणी उपसण्याचे पंप बाहेर पडले. त्याच घराण्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर', १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही नियतकालिके काढली. आपल्या वाङ्मयेतिहासात ही नियतकालिके आहेत, आणि ते योग्यच आहे. पण त्याच आवारात तयार झालेल्या पंपाने गावाची दिनचर्या, बैलांची संख्या आणि बोलीतले शब्द बदलले, याची नोंद त्या इतिहासात नाही. एकाच छपराखालच्या दोन उद्योगांपैकी एकालाच आपण संस्कृती म्हणालो.

तार बागेत येते

वीज आणि पाणी यांचा विवाह प्रथम थाटात लागला तो उद्यानात. त्याचे आपल्याकडचे प्रसिद्ध उदाहरण म्हैसूरजवळचे वृंदावन उद्यान. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी हे उद्यान १९२७ पासून पुढच्या काही वर्षांत आकाराला आले, ते दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने. काश्मीरच्या शालिमार बागेचा नमुना त्यांच्यापुढे होता. म्हैसूर संस्थानाजवळ मात्र मोगलांपाशी नसलेली एक गोष्ट होती. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ पासून चालू होते. त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांच्या मोगल बागेत विजेचे रंग उतरले आणि रात्रीची बाग हा एक नवाच अनुभव जन्माला आला. हेच मिर्झा इस्माईल १९४६-४७ मध्ये काही महिने हैदराबाद संस्थानाचे पंतप्रधान होते. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. वृंदावनाचा कर्ता आमच्या प्रदेशाच्या कारभारावर येऊन गेला. पण तो काळ बागांचा नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. जन्म पैठणचा, कर्मभूमी नांदेड. धरणाच्या पायथ्याशी वृंदावनाच्या धर्तीवर उद्यान उभे राहिले आणि त्याला नाव मिळाले संत ज्ञानेश्वर उद्यान. ज्या ज्ञानेश्वरांनी माळ्यामागे निमूट जाणारे पाणी वर्णिले, त्यांच्या नावाच्या बागेत पाणी आता संगीताच्या तालावर नाचू लागले. मराठवाड्यातील दोन पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले पहिले रंगीत पाणी हे पैठणचे.

या कारंज्याची यंत्रणा पाहिली तर बदल किती मूलगामी होता ते कळते. पूर्वी दाब डोंगरातून येई. आता तो पंपातून येतो. पाणी बाहेरून येऊन वाहून जात नाही, तेच ते हौदात फिरत राहते. उंची कमीजास्त करायची तर झडपा, रंग बदलायचे तर पाण्याखालचे दिवे, आणि या सर्वांना आज्ञा देणारी तारांची जुडी. पाणी आता उताराचे ऐकत नाही, खटक्याचे ऐकते. धरणाच्या अंगचे १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र तर उलटेही चालू शकेल असे बांधलेले आहे : पाणी खाली येताना वीज मिळते आणि वीज देऊन तेच पाणी पुन्हा वर चढवता येते. श्रीखंड्याच्या गावाला हे योग्यच म्हणायचे.

पण खटक्याचे राज्य उताराच्या राज्यापेक्षा नाजूक असते. पाणचक्कीची नहर शतकानुशतके चालली, कारण बिघडण्यासारखे तिच्यात थोडे होते आणि जे होते ते गवंड्याला कळत होते. पैठणची कारंजी अनेकदा आणि दीर्घकाळ बंद पडली, उद्यानाची रया गेली, नूतनीकरणाचे बेत पुन्हा पुन्हा आखले गेले. नांदेडमध्ये २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराचे रूप पालटले आणि गोविंद बागेत लेझरच्या प्रकाशात कारंजी झळकली. उद्घाटनाच्या रात्री प्रत्येक कारंजे सुंदर असते. त्याचा खरा इतिहास दहा वर्षांनी, वायरी कुजू लागल्यावर सुरू होतो. आणि तो लिहायला कुणी थांबत नाही.

तार विहिरीवर जाते

बागेत तार हौसेने गेली. विहिरीवर ती गरजेने गेली. साठ-सत्तरच्या दशकांनंतर मोट हळूहळू थांबली. बैलांची धाव गवताने भरली. विष्णुपुरीसारख्या उपसा योजनेत नांदेडजवळ गोदावरीचे पाणी विजेच्या बळावर उचलून कालव्यात सोडले जाऊ लागले, आणि लातूरकडच्या काळ्या रानात विहिरीपाठोपाठ कूपनलिका खणल्या गेल्या. या बदलाबरोबर एक नवी बोली घडली. डीपी, स्टार्टर, फेज, फ्यूज, पाणबुडी मोटार, आकडा, अर्थिंग. 'लाईट' म्हणजे दिवा नव्हे, वीज. 'लाईट आली' म्हणजे आता अंथरुणातून उठायचे. गावठाण आणि शेती यांची वाहिनी वेगळी केल्यावर एकाच गावात दोन विजा झाल्या, गावातली लाईट आणि रानातली लाईट. आणि रानातली लाईट आळीपाळीने रात्री येऊ लागली. आमच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना थारोळे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. स्टार्टर म्हणजे काय हे त्यांच्यापैकी अनेकांना आमच्याहून चांगले ठाऊक असते. तरी त्यांच्या कवितेत थारोळे येते, स्टार्टर येत नाही.

ग्रामीण कथा-कादंबरीत वीज मुळीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. भारनियमन, थकलेले बिल, तोडलेली जोडणी, जळालेली डीपी हे सारे येते. पण ते बहुधा तक्रारीचा तपशील म्हणून येते. रात्री दोन वाजता अनवाणी पायांनी ओल्या बांधावरून चालत जाऊन लोखंडी पेटीचे झाकण उघडणारा माणूस, त्या क्षणी त्याच्या हाताच्या आणि जमिनीच्या मध्ये काय आहे, हे साहित्याने जवळून पाहिल्याचे थोडेच दिसते.

ते काय आहे, हे सांगितले पाहिजे. ओल्या कातडीचा विजेला होणारा विरोध खूप घटतो. पाणी स्वतः शुद्ध असेल तर वीज फारशी वाहून नेत नाही. पण आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते तिला वाट देतात. मोटारीच्या वेटोळ्यांवरचे आवरण झिजले की वीज तिच्या लोखंडी अंगावर येते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल, किंवा फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असेल, तर ती माणसातून जमिनीत जाते. बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर माणसाच्या अंगातून किती प्रवाह गेला असता त्याला हातातली तार सोडता येत नाही, याचे मोजमाप केले. उत्तर भयंकर लहान निघाले : दहा-पंधरा मिलिअँपिअर. साध्या दिव्यातून याच्या कितीतरी पट प्रवाह जातो. घरातला नेहमीचा फ्यूज एवढ्याशा गळतीने उडतच नाही. तो तारेला वाचवतो, माणसाला नाही.

यावरचा उपाय बागेतल्या पाण्यातूनच आला, ही या इतिहासातली आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करायची. त्यांत काही हजारांश अँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेने जाते आहे असे समजून क्षणार्धात पुरवठा तोडायचा. डाल्झील यांनी साठच्या दशकात असे साधन पुढे आणले आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९६८ मध्ये ते प्रथम सक्तीचे केले, ते पोहण्याच्या तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी. आपल्याकडे आरसीसीबी म्हणून ओळखले जाते ते याच जातीचे. माणसाच्या रक्षणासाठी ते तीस मिलिअँपिअरला तुटणारे निवडतात. आज एखाद्या बंगल्यामागच्या तळ्यात पंप आणि दिवे बसवायचे तर नियम ठरलेले आहेत. चिलखती केबल पाऊण मीटर खोल, वाळूच्या थरावर, वरून विटा, मध्ये आरसीसीबी, आणि पाण्यातले दिवे बारा व्होल्टचे. सांधा उघड्यावर नको, खटका पाण्यापासून दूर हवा.

हौसेच्या पाण्यापाशी एवढी काळजी आहे, आणि गरजेच्या पाण्यापाशी खांबावरून लोंबणारी सर्व्हिस वायर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. ही सारी विहिरीवरची नाहीत. परंतु पावसाळ्यात मराठवाड्यातील कोणत्याही वर्तमानपत्राचे जिल्हा-पान उघडावे. मोटार सुरू करायला गेलेल्या माणसाची चार ओळींची बातमी तेथे भेटते. ती बातमी 'अपघात' या शब्दावर संपते. शब्द सोयीचा आहे. ज्याचे कारण ठाऊक आहे आणि ज्यावरचा उपाय बाजारात मिळतो, त्याला अपघात म्हणावे का, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकांनी तरी विचारला पाहिजे.

विजेलाही पाणी लागते

या गोष्टीला दुष्काळाने आणखी एक पीळ दिला आहे. अर्थिंगचा खड्डा मीठ आणि कोळसा घालून भरतात आणि त्यात अधूनमधून पाणी ओततात, कारण कोरडी माती वीज नीट घेत नाही. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा सुकतो, मातीची पकड सुटते, आणि माणसाला वाचवणारी तार नुसती नावापुरती उरते. जेथे पिण्याला पाणी नाही तेथे अर्थिंगच्या खड्ड्याला कोण पाणी घालणार? म्हणजे पाणी आटले की वीजही धोक्याची होते.

मोठ्या प्रमाणावर हेच परळीत घडले. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून मराठवाड्याच्या विजेचा आधार आहे. त्याला लागणारे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले, आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मांजरा धरण आटलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. उतार, खांदा, बैल, तार अशा साऱ्या वाटा संपल्यावर पाणी रुळांवरून आले. विजेने पाणी उचलता येते, निर्माण करता येत नाही, हे त्या उन्हाळ्याने शिकवले. ज्या तारेने आम्ही भूगर्भातले पाणी चाळीस वर्षे वर खेचले, तिनेच विहिरींचा तळ दाखवला, हेही त्याच वेळी मान्य करावे लागते.

आता तार आखूड होऊ लागली आहे. शेततळ्याच्या काठावर सौर पट्ट्या उभ्या राहतात आणि खांबाशिवाय पंप चालतो. रात्रीच्या पाळीची गरज उरत नाही, दिवसा उजेडात पाणी देता येते. ही मोठी सुटका आहे. मात्र पट्ट्यांतून येणारी वीजही वीजच असते, तिलाही अर्थिंग लागते, आणि सूर्य फुकट असल्याने पाणी उपसायचे कधी थांबवायचे हे सांगणारे बिलही येत नाही. शेततळ्याच्या शांत पाण्याकडे पाहताना बागेतल्या तळ्याची आठवण होते. पण त्याच्या निसरड्या प्लास्टिकवर पाय घसरला तर वर येणे किती कठीण, हे गावोगावच्या लोकांना माहीत आहे. प्रत्येक नवे साधन आपला धोका बरोबर घेऊन येते. त्या धोक्याला नाव देणे हे भाषेचे काम.

मोटेच्या प्रत्येक दोराला नाव होते म्हणून मोट चालवणारा पोरगा कोणता दोर झिजला हे सांगू शकत होता. आरसीसीबीला आपल्या बोलीत अजून नाव नाही. म्हणून ती नसल्याचे कुणाला जाणवत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. मोटेच्या गाण्यांचे संकलन पुष्कळ झाले. आता कुणीतरी डीपीपासून विहिरीपर्यंत चालत जावे, वायरमनशी आणि रात्री मोटार चालवणाऱ्यांशी बोलावे, त्यांचे शब्द टिपावेत. त्या शब्दांतून कविता निघेल की नाही हे सांगता येत नाही. पण जिल्हा-पानावरची ती चार ओळींची बातमी 'अपघात' या शब्दावर संपणार नाही, एवढे झाले तरी मराठीच्या अभ्यासाने काही केले असे म्हणता येईल.